कायद्याची भाषा : ‘जन्मतः’ या शब्दाचे मोल
कायद्यात एका शब्दाने हक्क ठरतो. महाराष्ट्राच्या १९९४ च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क दिला. परंतु त्याआधी विवाह झालेल्या मुली वगळल्या. हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलगी मुलाप्रमाणेच ‘जन्मतः’ सहदायाद ठरली. ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात असणे आवश्यक आहे का, हा वाद मात्र उरला. विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी निर्णय दिला : हक्क जन्माने मिळतो, वडिलांच्या हयातीची अट नाही. म्हणून ‘हक्कसोडपत्र’ हा शब्द सहीपूर्वी नीट वाचावा. जे आपले आहे, तेच सोडता येते.

स्वयं-अध्ययन प्रश्न : ‘बहिणीला हिस्सा दिला’ आणि ‘बहिणीने हिस्सा घेतला’ यांत हक्काचा कर्ता कोण?