‘निघून जा’ म्हणण्याची वेळ



एबल फेरारा यांच्या ‘द ॲडिक्शन’ (१९९५) या कमी खर्चाच्या कृष्णधवल चित्रपटात एक रक्तपिशाच्च स्त्री तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थिनीला चावण्याआधी सांगते, की मला निघून जायला सांग. विद्यार्थिनीला ते ठामपणे म्हणता येत नाही. पुढे ती व्यसनी माणसासारखी रक्तासाठी तडफडते. तिचे तत्त्वज्ञान तिला वाचवीत नाही. अखेर रुग्णालयात ती धर्मगुरूंच्या हातून ख्रिस्तशरीर स्वीकारते.

गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’मधला सुधाकरही शिकलेला वकीलच होता. बारामती-इंदापुरात पिशाच्च नाही, बाटली आहे. मोह आधी आपली संमती मागतो. म्हणून पहिल्याच प्याल्याला ‘नको’ म्हणा. उशीर झाला असेल, तर एकट्याने झुंजू नका. पुण्यात १९८६ पासून ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र आहे. आणि पापनिवेदनाचे दारही उघडेच आहे.