टोल कापला आणि पत्ता लागला

नारायणगावच्या मामांच्या दोन पिकअप वाशी मार्केटला टोमॅटो नेतात. भाची वैशाली पुण्यात टोलवसुलीची संगणकप्रणाली सांभाळणाऱ्या कंपनीत आहे. सुट्टीला आली, तेव्हा मामांनी तिला ओट्यावरच गाठलं.

मामा : परवा रात्री मीच गाडीबरोबर वाशीला गेलो. घरी बोललो नव्हतो. खालापूरचा टोलनाका ओलांडला नाही तोच पोराचा फोन, "दादा, या वयात रात्रीचा प्रवास कशाला?" त्या गाडीच्या फास्टॅगला नंबर त्याचा, मेसेज त्याला गेला, एवढं मला कळतं. पोराला कळलं ते ठीक. आणखी कुणाकुणाला कळलं?

वैशाली : बरीच मंडळी आहेत, मामा. नाका चालवणाऱ्या कंपनीकडे गाडीचा नंबर, लेन, तारीख, वेळ. तिथून ते तिच्या बँकेकडे. तिथून एनपीसीआयकडे, यूपीआय चालवते तीच ही संस्था. तिथून तुमच्या टॅगच्या बँकेकडे, आणि शेवटी मेसेज. शिवाय मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर 2024 पासून नंबरप्लेट वाचणारे कॅमेरे बसलेत. त्यांना टॅगशी देणंघेणं नाही, वेग वाढला की चलान येतं.

मामा : म्हणजे काचेवरचं ते स्टिकर सारखं सांगत असतं, मी कुठं आहे ते?

वैशाली : छे. त्यात ना बॅटरी, ना जीपीएस. एक बारीक चिप आणि पातळ अँटेना, बस. नाक्यावरच्या रीडरमधून 865 ते 867 मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरी येतात. त्या लहरींच्याच ताकदीवर चिप क्षणभर जागी होते, आपला क्रमांक सांगते, आणि नाका मागे पडला की गप्प. उर्से आणि खालापूर या नाक्यांच्या मध्ये तुम्ही कुठं होता, हे तिला ठाऊक नसतं.

मामा : मग ते व्हॉट्सॲपवर फिरत होतं ते? काच पुसणारा पोरगा मनगटावरच्या घड्याळानं पैसे ओढून घेतो म्हणे.

वैशाली : 2022 मधला तो व्हिडिओ खोटा होता. फास्टॅगमधले पैसे एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाऊच शकत नाहीत. नोंदणी झालेला टोलनाका, पार्किंगवाला, अशांनाच ते मिळतात. सगळी दुनिया त्या पोराला घाबरली. पैसे रीतसर कापून झाल्यावर मागे काय उरतं, तिकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

मामा : अगं, पण पूर्वीही नाक्यावरचा माणूस गाडी बघायचाच की.

वैशाली : बघायचा, आणि पुढच्या दहा गाड्या गेल्या की विसरायचा. आता बघायला कुणी बसावंच लागत नाही. वर्षभरानंतर कुणाला वाटलं की अमक्या रात्री ही गाडी कुठं होती, तर नंबर टाकायचा अवकाश. चोरीची गाडी सापडायला याचा उपयोग होतो, ते नाकारत नाही मी. पण फेब्रुवारी 2021 मध्ये राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग सक्तीचा झाला, तेव्हा बोलणं झालं ते रांगांचं आणि दुप्पट टोलचं. तुमच्या फिरण्याची वही ठेवायची, असं कुणी ठरवलं नव्हतं. पैसे घ्यायचे म्हणून नोंद झाली, आणि झाली म्हणून राहिली.

मामा : ठेवतात किती दिवस?

वैशाली : हा खरा प्रश्न विचारलात! मोबाइल कंपन्यांचं बघा. कॉलच्या नोंदी दोन वर्षं तरी ठेवायच्या, असं त्यांच्या परवान्यात डिसेंबर 2021 पासून आहे. आधी एक वर्ष होतं. बरं की वाईट ते सोडा, निदान आकडा आहे. टोलच्या मेसेजमध्ये कधी असा आकडा वाचलात? नाक्यावरच्या फलकावर कुणाला टोल माफ, त्याची ही लांबलचक यादी असते. ही नोंद कधी पुसणार, याची एक ओळ नसते.

मामा : कायदा काही म्हणतो का नाही?

वैशाली : म्हणतो ना. 24 ऑगस्ट 2017 ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे. त्यावर कायदा व्हायला 2023 उजाडलं आणि नियम यायला नोव्हेंबर 2025. काम संपलं की माहिती पुसा, असं त्यात आहे. पण मुख्य बंधनांना नियमांनंतरही दीड वर्षाची मुदत, आणि सरकारी तपासाला भलीमोठी सूट.

मामा : मग आपण माळशेज घाटानं जाऊ. उर्सेही नको, खालापूरही नको.

वैशाली : आणि खिशातला फोन? तो वाटेतल्या टॉवरना हजेरी देतच जाणार. नकाशावर घाटात लाल रेघ दिसते ना, ती तिथं अडकलेल्यांच्या फोनमुळेच उमटते. उलट टॅग बिचारा नाक्यापुरतं बोलतो. सप्टेंबर 2024 मध्ये उपग्रहाच्या मदतीनं, जेवढे किलोमीटर तेवढा टोल घ्यायचे नियम केंद्रानं केले. दिवसाला प्रत्येक दिशेला पहिले 20 किलोमीटर माफ. हिशेब रास्त आहे, पण त्यासाठी महामार्गावर गाडी कुठं चढली, कुठं उतरली, सगळं मोजायला हवं. अजून ते सगळीकडे आलं नाही. येईल तेव्हा दराआधी वहीचं विचारा.

मामा : तरी पण टॅग काढ म्हणालीस, तर मी काढायचा नाही. पूर्वी नाक्यावर गाडी अडकली की पहाटेचा बाजार हुकायचा. एकदा भाव पडला की त्या मालाला कोण विचारतंय?

वैशाली : काढा कुठं म्हणतेय मी? मोठ्या ट्रकवाल्यांना तर वेळेबरोबर डिझेलही वाचलं. आणि सरकारला निराळाच फायदा झाला. जानेवारी 2021 पासून ई-वे बिल फास्टॅगशी जोडलंय. बिलाशिवाय माल घेऊन कोणती गाडी गेली, हे जीएसटीवाल्यांना जागेवर बसून दिसतं.

मामा : आपल्या टोमॅटोला बिल लागत नाही.

वैशाली : ताज्या भाजीला नाही लागत. येताना ठिबकच्या नळ्या भरून आणता, त्यांना लागेल. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात 1 लाखाच्या वर, राज्याबाहेर 50,000 च्या वर.

मामा : ते आणू रीतसर. माझा खरा फायदा वेगळाच आहे. आधी ड्रायव्हरला टोलची खर्ची रोख द्यायचो, हिशेब कधी जुळायचा नाही. आता पैशाला पैसा लागतो. दुसऱ्या गाडीचा मेसेज माझ्याच फोनवर येतो. उर्सेनंतर तासाभरात खालापूरचा आला नाही, की मी फोन लावतो, "काय रे, कुठं बसलास चहाला?"

वैशाली : तुम्हाला कसं कळतं, हे त्याला माहीत आहे?

मामा : नाही. त्याला वाटतं, ओतूरचा गाडीवाला मागून येतो, तो चुगली करतो. त्या दोघांचं बोलणं बंद आहे.

वैशाली : मामा! आजच सांगा त्याला.

मामा : सांगतो की. टोमॅटोचा सीझन तेवढा होऊ दे.