सहयोगी कोशातील नोंदीचे संपादन : ‘शिक्षा’ या शब्दाच्या निमित्ताने

मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ मध्ये निघाली. सुधारित दुसरी १८५७ मध्ये. महाजालावरील विक्शनरीत मात्र दुरुस्ती तत्काळ होते व प्रत्येक फेरफार पानाच्या इतिहासात राहतो. तेथे एका लेखनरूपास एकच पान असल्याने ‘शिक्षा’ या पानावर संस्कृत, हिंदी व मराठी शब्द शेजारी येतात. हिंदीतील ‘शिक्षण’ हा अर्थ मराठी विभागात दंडवाचक अर्थाशेजारी शिरल्यास तो काढणे योग्यच. परंतु त्या उत्साहात सहा वेदांगांपैकी उच्चारशास्त्रवाचक ‘शिक्षा’ही वगळली जाण्याचा धोका असतो. हा अर्थ मराठी ग्रंथांत रूढ आहे. तो ‘पारिभाषिक’ अशी खूण करून राखावयास हवा. फेरफाराच्या शेऱ्यात नुसते ‘दुरुस्ती’ लिहिणे अपुरे. कोणत्या ग्रंथातील प्रयोगावरून निर्णय घेतला, हे तेथेच नोंदवावे.