परत आलेल्या बल्बचा हिशोब: छोटं इलेक्ट्रॉनिक्स युनिट पर्यावरणपूरक कसं करायचं?



इलेक्ट्रॉनिक्सचं छोटं युनिट टाकायचं म्हणणारे बरेच जण मला भेटतात. कुणाला एलईडी बल्ब करायचेत, कुणाला चार्जर, कुणाला इमर्जन्सी लाइट. त्यांच्यापुढे मी पर्यावरणाचा विषय काढला की उत्तर ठरलेलं असतं: "सर, ते मोठ्या कंपन्यांचं काम. आधी धंदा उभा राहू दे, मग बघू."

मीही एकेकाळी हेच म्हणायचो. ट्रेनिंग सुरू करण्याआधी माझं एलईडी बल्ब जुळणीचं युनिट होतं. एक गाळा, चार कामगार. सुटे भाग आणायचे, जोडायचे, टेस्ट करायचे आणि एक वर्षाच्या वॉरंटीवर दुकानदारांना द्यायचे. एका दिवाळीआधी मोठी ऑर्डर आली आणि मी कपॅसिटरमध्ये पैसे वाचवले. माल झटपट खपला, मी खूश. पुढच्या गणपतीत तेच बल्ब खोके भरभरून परत यायला लागले. एक दुकानदार म्हणाला, "दादा, तुमचे बंद बल्ब ठेवायला आता माझ्याकडे जागा नाही." ते युनिट त्यातून सावरलं नाही.

त्या खोक्यांकडे बघताना एक गोष्ट कळली. जो माल परत येतो तो आपलं नुकसान असतो, आणि तोच ई-कचराही असतो. म्हणून आपल्यासारख्यांनी पर्यावरणाची सुरुवात सोलर पॅनेलपासून करायची नाही, रिटर्नच्या खोक्यापासून करायची. चला, वही-पेन घ्या.

पाठ 1: वस्तू जास्त टिकवा

एलईडी बल्बमध्ये एलईडी सहसा आधी जात नाही. बऱ्याचदा आधी जातो तो ड्रायव्हर, आणि ड्रायव्हरमधला कच्चा दुवा असतो इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. त्याच्या आत द्रव असतो. उष्णतेने तो हळूहळू कमी होतो आणि कपॅसिटर कमजोर पडतो. मग बल्ब लुकलुकायला लागतो आणि एक दिवस बंद पडतो.

कपॅसिटरच्या माहितीपत्रकात दोन आकडे असतात: तापमान आणि तास. ते कसे वाचायचे त्याचा ठोकताळा असा, की तापमान 10 अंशांनी कमी झालं की आयुष्य साधारण दुप्पट होतं.

आता धरून चला, की तुमच्या बल्बच्या आत 85 अंश सेल्सिअस तापमान असतं.

- 85 अंशांचा, 2000 तासांचा कपॅसिटर: आयुष्य साधारण 2000 तास. रोज 6 तास बल्ब लावला तर 333 दिवस, म्हणजे अकरा महिने.
- 105 अंशांचा, 2000 तासांचा कपॅसिटर: 20 अंशांचा फरक, म्हणजे दोनदा दुप्पट. 8000 तास. रोज 6 तास धरले तर साडेतीन वर्षांहून जास्त.

वॉरंटी एक वर्षाची आणि कपॅसिटर अकरा महिन्यांचा! दिवाळीचा माल गणपतीत का परत आला, ते आता तुमच्या लक्षात आलं असेल.

पैशांत बघू. आकडे उदाहरणासाठी आहेत, तुमचे स्वतःचे घाला. बल्बमागे दीड रुपया वाचला आणि लॉट 10,000 चा, तर बचत 15,000 रुपये. बल्ब बदलून द्यायला नवा बल्ब 45 आणि वाहतूक 10, असे 55 रुपये लागतात. म्हणजे 273 बल्ब परत आले की बचत संपली. शंभरात तीनसुद्धा नाहीत! आणि 800 परत आले तर खर्च 44,000. बचत वजा केली तरी 29,000 रुपयांचा खड्डा, वर 800 बल्बांचा कचरा. शिवाय ज्यांनी बल्ब परत न करता फेकून दिला, ते गिऱ्हाईक पुन्हा तुमचा ब्रँड घेणार नाही. ते नुकसान तर कुठल्याच वहीत दिसत नाही.

दुसरा उपाय म्हणजे आतली उष्णताच कमी करणं. हीट सिंक पुरेसा ठेवा. एलईडीला झेपेल त्यापेक्षा थोडा कमी करंट द्या. कपॅसिटर सर्वात तापणाऱ्या भागापासून जितका लांब बसवता येईल तितका बसवा.

पाठ 2: उघडता येईल अशी वस्तू बनवा

नेदरलँड्समध्ये फेअरफोन नावाची कंपनी आहे. तिचा पहिला फोन 2013 साली आला. 2015 च्या दुसऱ्या फोनमध्ये बॅटरी, स्क्रीन, कॅमेरा हे भाग ग्राहकाला घरच्या घरी बदलता येतील अशी रचना होती. आपल्याकडेही केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर 2022 मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. वारं कुठल्या दिशेने वाहतंय ते ओळखा.

आता म्हणाल, "नऊ वॅटचा बल्ब कोण दुरुस्त करत बसणार?" बरोबर आहे. पण पॅनेल लाइट, स्ट्रीट लाइट, इमर्जन्सी लाइट यांचं काय? तिथे तीन गोष्टी करा:

- शक्य तिथे गोंदाऐवजी स्क्रू किंवा क्लिप वापरा. स्ट्रीट लाइटमध्ये पाणी शिरू नये म्हणून रबरी गॅस्केट लावा, सगळं सिलिकॉनने बुजवू नका.
- ड्रायव्हर वेगळा ठेवा आणि कनेक्टरने जोडा. ड्रायव्हर गेला तर फक्त तोच बदलायचा, अख्खा लाइट नाही.
- सगळ्या मॉडेलना एकाच प्रकारचे स्क्रू आणि शक्य तितके सारखे सुटे भाग वापरा. स्टॉकही कमी अडकतो.

सुटा ड्रायव्हर तालुक्याच्या दुकानात मिळायला लागला, की गल्लीतला रिपेअरवालाच तुमचा सेल्समन होतो.

पाठ 3: गाळ्यातली गळती शोधा

आधी कॉम्प्रेसर. संध्याकाळी सगळं काम थांबलं की कॉम्प्रेसर पूर्ण भरू द्या आणि अर्धा तास नुसते बसून राहा. कुणी हवा वापरत नसताना तो पुन्हा सुरू झाला, तर पाइप किंवा जोड गळतोय. साबणाचं पाणी लावा, बुडबुडे कुठे येतात ते दिसेल. खर्च दहा रुपये, आणि गळती सापडली तर बचत दर महिन्याच्या बिलात.

मग सोल्डर पॉट. तो जेवणाच्या सुट्टीतही पूर्ण तापमानावर का चालू असतो? वापर नसेल तेव्हा तापमान उतरवा, झाकण ठेवा. रिफ्लो ओव्हन असेल तर सारखे बोर्ड एका दिवशी घ्या. दोन-दोन तासांच्या कामासाठी तो रोज तापवू नका.

आणि सोल्डरवर साचणारी ती काळपट मळी, म्हणजे ड्रॉस. त्यात बरंचसं चांगलं सोल्डर अडकलेलं असतं. ती भंगारवाल्याला देऊ नका. त्यात शिसं असेल तर तो ती उघड्यावर वितळवेल आणि विष त्याच्या घरातल्या मुलांपर्यंत पोचेल. ड्रॉस बंद डब्यात ठेवा आणि तुमचा सोल्डर पुरवठादार ती परत घेतो का ते विचारा. तो घेत नसेल तर अधिकृत रीसायकलरला द्या.

पाठ 4: शिसं आणि कायदा

जुनं 63-37 सोल्डर, म्हणजे 63 टक्के कथील आणि 37 टक्के शिसं, 183 अंशांना वितळतं. कथील, चांदी, तांबं असलेलं शिसंविरहित सोल्डर साधारण 217 ते 220 अंशांना. म्हणजे पॉट जास्त तापवावा लागतो आणि सोल्डरही महाग पडतं. हे मी लपवणार नाही. पण कामगार रोज ज्या टेबलावर बसतात तिथलं शिसं त्यामुळे जातं, आणि कायद्याची दिशाही तीच आहे.

ई-कचरा व्यवस्थापन नियम 2022 हे 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत. त्यातल्या तीन गोष्टी लिहून घ्या:

- नियमांच्या परिशिष्टात वस्तूंची यादी आहे. यादीतल्या वस्तूंच्या प्रत्येक एकजिनसी भागात शिसं आणि पारा वजनाच्या 0.1 टक्क्यापर्यंत, तर कॅडमियम 0.01 टक्क्यापर्यंतच चालतं. काही ठरावीक सवलती आहेत. आपली वस्तू यादीत शोधा.
- उत्पादकाने केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी करायची आणि जुन्या मालाच्या ठरावीक भागाचं रीसायकलिंग नोंदणीकृत रीसायकलरकडून झाल्याचं प्रमाणपत्र घ्यायचं. 2025-26 साठी हा भाग 70 टक्के आहे, 2027-28 पासून 80 टक्के.
- सूक्ष्म उद्योगांना हे नियम लागू नाहीत. 1 एप्रिल 2025 पासून सूक्ष्म म्हणजे यंत्रसामग्रीतली गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत आणि उलाढाल 10 कोटींपर्यंत.

तिसरा मुद्दा वाचून सुटकेचा निःश्वास टाकलात ना? थांबा. उद्या एखाद्या मोठ्या ब्रँडला माल द्यायचा झाला, तर त्यांचा खरेदी अधिकारी पहिल्या बैठकीत विचारेल, "शिसंविरहित आहे का? कागद दाखवा." म्हणून प्रत्येक पुरवठादाराकडून तसं लेखी पत्र आजपासून घेऊन ठेवा. आणि एकाच पॉटमध्ये दोन्ही सोल्डर कधीही मिसळू नका. एकदा मिसळलं की त्या पॉटमधून निघालेला माल शिसंविरहित म्हणून विकता येणार नाही.

या आठवड्याचा गृहपाठ

1. रिटर्नची वही सुरू करा. परत आलेली प्रत्येक वस्तू उघडा आणि लिहा: लॉट कुठला, किती दिवस चालली, कुठला भाग गेला. पन्नास नोंदी झाल्या की कुठे पैसा घालायचा ते वहीच सांगेल.
2. वापरत असलेल्या कपॅसिटरचं तापमान आणि तास बघा, बल्बच्या आतलं तापमान मोजा आणि वरचा हिशोब करा. वॉरंटीच्या निदान दुप्पट आयुष्य निघालं पाहिजे.
3. कॉम्प्रेसरची अर्ध्या तासाची परीक्षा घ्या.

अजून युनिट सुरू केलं नसेल तर घरातला बंद पडलेला एलईडी बल्ब घ्या. तो होल्डरमधून काढून, थंड होऊ द्या आणि जपून उघडा. कपॅसिटर फुगलाय का ते बघा, त्यावर किती अंश छापलंय ते वाचा. माझं युनिट बुडाल्यावर मी जे शिकलो, ते तुम्ही सुरू करण्याआधीच शिकाल.

भेटू पुढच्या पाठात. तोपर्यंत वही उघडी ठेवा!