भाव ठरवणारा एक, घरात येणारा दुसरा

घरात दुरुस्तीचं काम काढलं की नातेवाइकांचा पहिला सल्ला दागिन्यांचा असतो. कपाटाला कुलूप लाव, पर्स आत ठेव, पोरांवर नजर ठेव. मी डोंबिवलीतल्या एका जुन्या इमारतीत राहते, तिथे बारा महिने काही ना काही फुटत, गळत असतं. पण आजवर एकाही कामगाराने आमच्या घरातली टाचणीसुद्धा उचललेली नाही. आमचं जे गेलं ते वाईट कामापायी गेलं. आणि ते काम करणाऱ्याला मी निवडलंच नव्हतं, निवडलं होतं त्याच्या शेठला.

झालं असं की खालच्या वहिनींच्या नहाणीच्या छताला ओल आली. जुन्या इमारतीत हे ठरलेलंच. टाइलखालचा कोबा दमतो, नानी ट्रॅपच्या कडेने पाणी झिरपतं, लोखंडी पाइप आतून गंजतात. सोसायटीच्या उपविधींप्रमाणे गच्चीची आणि बाहेरच्या भिंतींची गळती सोसायटीने काढायची, पण फ्लॅटमधल्या नहाणी-संडासाची सभासदाने स्वतःच्या खर्चाने. त्यामुळे माणूस शोधणं माझ्याकडे आलं. आमच्याच विंगमधल्या एकांनी एका ठेकेदाराचा नंबर दिला. त्याने त्यांच्याकडे किचनचा ओटा केला होता, आणि ओटा खरोखर देखणा आहे.

ठेकेदार इस्त्रीच्या शर्टात आला. टेप लावली, भिंतीवर टकटक केली, "काकू, दहा वर्षं बघायला नको," म्हणाला आणि स्क्वेअर फुटाचा भाव सांगून गेला. काम सुरू झालं त्या सकाळी दारात मात्र तीन अनोळखी पोरं उभी. एकाच्या खांद्यावर ब्रेकर. त्यातल्या थोरल्याने नहाणीत डोकावून मलाच विचारलं, "मॅडम, इधर क्या करना है?"

पोरं सकाळी मजूर नाक्यावरून उचललेली होती. दुसऱ्या दिवशी त्यातली दोन बदलली. त्यांचा दोष मी म्हणणार नाही, ती बिचारी फोनवर सांगितलं तेवढं इमानाने करत होती. वॉटरप्रूफिंगच्या केमिकलचा एक हात मारला आणि तो धड सुकायच्या आत टाइल चढवायला घेतल्या. पाणी भरून बघणार का, असं मी ठेकेदाराला विचारलं तर, "नवीन केमिकल आहे काकू, याला टेस्ट लागत नाही." दिवाळीच्या सुमारास वहिनींच्या छतावरचा डाग परत आला, पहिल्यापेक्षा मोठा. ठेकेदाराचं उत्तर एवढंच, की ती पोरं आता आपल्याकडे नाहीत. पुढे एका वायरमनने गीझरचा बोर्ड उघडला तेव्हा आणखी एक कळलं. अर्थिंगची वायर जोडलेलीच नव्हती, टोकाला काळी टेप गुंडाळून आत कोंबलेली होती. पाणी व्यवस्थित तापत होतं, मग कळणार कसं? सासूबाई रोज त्याच नळाखाली बादली लावत होत्या.

आता भाव ठरवायला कोणीही आलं की माझा पहिला प्रश्न असतो, "दादा, उद्या थापी कोण धरणार? त्याला घेऊन या." चांगला ठेकेदार मिस्त्रीचं नाव लगेच सांगतो, तो आपल्याकडे किती वर्षं आहे तेही सांगतो. "आपली टीम आहे ना काकू," यापुढे जो सरकत नाही त्याला मी चहा पाजून वाटेला लावते.

मिस्त्री आला की त्याला नहाणीत उभं करायचं आणि आपण गप्प राहायचं. जाणता गवंडी स्वतःच विचारायला लागतो. खाली ओल नेमकी कुठल्या कोपऱ्यात आहे? आंघोळीनंतर वाढते, की दिवसरात्र सारखीच असते? कायम सारखी असेल तर बहुधा पाण्याने भरलेला पाइप गळतोय. वापरल्यावर वाढत असेल तर फरशीचा किंवा ट्रॅपचा संशय. हे न विचारता, खाली जाऊन छत न बघता जो थेट फोडायची भाषा करतो, त्याला गळती काढायची नसून फरशी बदलायची असते.

जुनं काम दाखवा म्हटलं की मोबाइलमधले फोटो पुढे येतात. टाइल चकचकीत असतातच, त्या नव्या असतात. मला वर्षभरापूर्वीचं काम बघायचं असतं, आणि तेही जिथे काम झालं तिथे नाही, तर त्याच्या खालच्या मजल्यावर. वरचे लोक नव्या नहाणीवर खूश असतात. गळती बंद झाली की नाही हे ज्यांच्या डोक्यावर ती पडत होती त्यांनाच ठाऊक. गच्चीचं काम असेल तर त्यावरून एक पावसाळा गेलेला असावा. आणि नंबर देणाऱ्याला विचारायचं की त्याने तुमच्याकडे नेमकं कोणतं काम केलं, नंतर काही बिघडलं तेव्हा तो आला का. दुसऱ्या प्रश्नावर बरेच जण आठवायला लागतात.

आडनाव आणि गाव विचारलं की माणूस कळतो, हा आपल्या सोसायट्यांचा जुना समज. त्यातून काही कळत नाही. गेटवर घेतलेल्या आधारच्या झेरॉक्समधूनही फारसं नाही, कारण झेरॉक्स कोणाचीही असू शकते. खात्रीच करायची तर आधारवरचा क्यूआर कोड आधारच्या अधिकृत ॲपने स्कॅन करावा. नाव आणि फोटो समोरच्या माणसाशी जुळतो का ते तिथेच दिसतं. बघून कार्ड परत द्यावं. त्याचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर फिरवू नये, त्या माणसालाही त्याची माहिती जपायची असते.

विजेचं काम मात्र ओळखीपाळखीवर देऊ नये. महाराष्ट्रात वायरमनला शासनाच्या अनुज्ञापक मंडळाचा परवाना लागतो. तो दाखवा म्हटल्यावर कोणी चिडला तरी चालेल. काम झाल्यावर बोर्ड उघडा असतानाच बघून घ्यावा. गीझर किंवा एसीच्या पॉइंटला साधारण 4 स्क्वेअर एमएमची वायर घालतात, दिव्यांची 1.5 ची वायर तिथे दिसली तर काम थांबवावं. मेन बोर्डात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे का ते विचारावं आणि त्याचं टेस्टचं बटण आपल्यासमोर दाबायला लावावं. दाबल्यावर वीज गेली पाहिजे.

गॅसवाल्यांचा प्रकार निराळा. गळ्यात ओळखपत्र अडकवून "कंपनीकडून तपासणीला आलोय" म्हणत कोणी दारात आलं, तर दार उघडण्याआधी आपल्या वितरकाला फोन करून विचारावं. अशा तपासणीच्या नावाखाली पाइप आणि रेग्युलेटर दामदुपटीने गळ्यात मारणारे फिरत असतात. सुरक्षा होजची मुदत 5 वर्षांची असते आणि तारीख नळीवरच छापलेली असते, ती आपली आपण वाचता येते. गॅसचा वास आला तर चोवीस तासांची हेल्पलाइन 1906.

वॉशिंग मशीन किंवा फ्रिज बिघडला की लोक इंटरनेटवर कस्टमर केअरचा नंबर शोधतात आणि भामट्याच्या हाती सापडतात. नंबर वॉरंटी कार्डावरचा किंवा मशीनच्या मागच्या स्टिकरवरचाच घ्यावा. व्हिजिट बुक करायला दहा रुपये भरा म्हणून लिंक आली, किंवा एखादं ॲप उतरवून घ्यायला सांगितलं, तर फोन ठेवावा. पैसे गेलेच असतील तर वेळ न दवडता 1930 वर कळवावं, उशीर होत जातो तसे पैसे अडवणं कठीण होतं.

पैशांबद्दल आमच्याकडे संकोच फार. कागद करू या म्हटलं की विश्वास नाही असं वाटेल, ही भीती. दुसऱ्यांदा नहाणी करताना मी वहीच्या पानावर सगळं लिहिलं: मजुरी वेगळी, माल वेगळा, केमिकल कुठल्या कंपनीचं, किती हात, डेब्रिज कोण उचलणार आणि कुठे टाकणार, आणि टाइल लावण्याआधी पाणी भरून ठेवायचं. मिस्त्रीने वाचलं, एक ओळ खोडायला लावली (जुना पाइप भिंतीत कुठवर गंजलाय ते फोडल्याशिवाय कळणार नाही, त्याचा भाव आत्ता सांगत नाही म्हणाला) आणि खाली सही केली. त्या खोडलेल्या ओळीने माझा त्याच्यावरचा विश्वास वाढला.

माल त्याच्याबरोबर दुकानात जाऊन मीच घेतला, बिलं माझ्या नावावर. सिमेंटच्या गोणीवर कितव्या आठवड्यात भरली ते छापलेलं असतं. तीन महिन्यांहून जुनी नको म्हणून सांगितलं. उचल दिली ती सुरुवातीच्या मजुरीपुरती. बाकी पैसे टप्प्याटप्प्याने, आणि थोडी रक्कम हातात राखून. ट्रॅपला बूच मारलं, पाणी भरलं, भिंतीवर पातळीची खडूची रेघ ओढली. दोन दिवस वहिनी सकाळ-संध्याकाळ छताकडे बघत होत्या. रेघ हलली नाही, छत कोरडं राहिलं, मग टाइल आल्या.

घरात वयस्कर माणूस एकटं असेल त्या दिवशी काम ठेवू नये. चावी देऊन ऑफिसला जाऊ नये. पैसे यूपीआयने द्यावेत, म्हणजे नोंद राहते. काम फसलं तर तीच नोंद आणि तो वहीचा कागद घेऊन जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. मुदत 2 वर्षांची, तक्रार ऑनलाइन करता येते, आणि दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. आधी 1915 वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन केला तरी वाट कळते. आमच्या पहिल्या ठेकेदाराला सगळी रक्कम रोखीने गेली होती आणि पावती नव्हती.

आता लोक माझ्याकडे मिस्त्रीचा नंबर मागतात. मी देते, पण नुसता नंबर देत नाही. गळतीला तो पक्का आहे, टाइलची रेघ मात्र त्याची कधी कधी हलते, श्रावणात गावी जातो, आणि बदली माणूस पाठवतो म्हणाला तर थांबा, तो परत येऊ द्या, एवढं सगळं सांगते. शिवाय खालच्या वहिनींचा नंबरही देते, त्यांना विचारून.