हाडांची विरलता : आजीपासून नातीपर्यंत

वृद्धापकाळातील हाडांच्या विरलतेवर, म्हणजेच ऑस्टिओपोरोसिसवर, बालरोगतज्ज्ञाने लिहावे याचे काहींना नवल वाटेल. परंतु खेड्यातून बालकांना माझ्याकडे घेऊन येते ती बहुधा आजीच. खानापूर तालुक्यातील अशी एक आजी वर्षानुवर्षे नातवंडांना घेऊन येत असे. तिची पाठ दरवर्षी थोडी अधिक वाकत होती. मी बाळाचे वजन व उंची काटेकोरपणे नोंदवीत राहिलो. आजीकडे पाहिले नाही. एका पावसाळ्यात गोठ्याच्या उंबऱ्यावर पाय घसरून तिच्या खुब्याचे हाड मोडले व ती अंथरुणाला खिळली. ‘पडली म्हणून मोडलं,’ असे घरचे म्हणाले. उभ्या उंचीवरून पडून निरोगी हाड सहसा मोडत नाही, हे मी तरी जाणत होतो.

हाड ही जिवंत ऊती आहे. जुने हाड झिजणे व नवे घडणे हे कार्य त्यात अखंड चालते. तिशीच्या सुमारापर्यंत घडण वरचढ असते, पुढे झीज. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेनचे संरक्षण सुटले की पहिली काही वर्षे ही झीज फार वेगाने होते.

शेतात राबणाऱ्या बाईची हाडे बळकटच असणार, हा आपला गोड गैरसमज आहे. श्रम व ऊन यांचा लाभ होतो हे खरे. पण ताटात कॅल्शियम नसेल तर हाड घडावे कशाने? १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तांदळात वा ज्वारीत त्याच्या दशांशाहूनही कमी. आमच्या पश्चिम भागात नाचणी मागे पडून ताटात भात वाढला. दूध घरचे असते, पण ते सकाळीच डेअरीला जाते. त्यात मिश्रीची सवय आणि दम्यासाठी वा सांधेदुखीसाठी वर्षानुवर्षे पोटात गेलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या. चाळिशीच्या आतच ‘पिशवी काढलेल्या’ स्त्रियाही पुष्कळ भेटतात. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशय गेले असतील, तर रजोनिवृत्ती त्याच दिवशी सुरू होते. कागदावर ही नोंद करावयास आपण डॉक्टर मंडळीच विसरतो!

माझ्या शाखेचा खरा संबंध पुढेच आहे. प्रौढपणी हाडांत असणाऱ्या खनिजांपैकी सुमारे चौथा हिस्सा वयात येतानाच्या जेमतेम दोन वर्षांत साठतो. किंबहुना आरंभ त्याहूनही आधी होतो. पुण्याजवळील सहा खेड्यांतील गरोदर स्त्रियांच्या आहाराचा अभ्यास १९९० च्या दशकात झाला. त्यांच्या सुमारे ७०० मुलांच्या हाडांची सहाव्या वर्षी डेक्सा तपासणी करण्यात आली. निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. गरोदरपणी ज्या मातांच्या आहारात दूध, डाळी, पालेभाज्या असे पदार्थ अधिक वेळा होते, त्यांच्या मुलांच्या हाडांत खनिजे अधिक आढळली. अशा निरीक्षणाने कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, तरी त्याकडे काणाडोळा करणे मला जमलेले नाही.

खेड्यात डेक्सा यंत्र नसते, भिंत असते. टाचा व पाठ भिंतीला टेकवून उभे केले असता डोक्याची मागची बाजू टेकत नसेल, तर मणका खचल्याचा संशय घ्यावा. असा मणका बहुधा ‘कंबरदुखी’ म्हणून मलमावरच निभावला जातो. आणि एकदा खुबा मोडलेल्या रुग्णाला केवळ कॅल्शियमच्या गोळ्या देऊन घरी धाडू नये. मूत्रपिंडाचे कार्य व ‘ड’ जीवनसत्त्व पाहून बिसफॉस्फोनेटसारख्या औषधाचा विचार व्हावयासच हवा. त्या आजीच्या बाबतीत तो झाला नाही. ती पुन्हा चालली नाही.

पुढे तिची बारा वर्षांची नात तापासाठी आली. ‘सकाळी काय घेतेस, बाळ?’ मी विचारले.

‘चहा.’

त्यांच्या गोठ्यात दोन दुभत्या म्हशी होत्या.