एका रात्रीत आलेला गुण

काकूंना गुण आला तो एका रात्रीत. संध्याकाळी मधातून पुडी चाटली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पोलक्याचे हूक स्वतःच्या हाताने लावले. कित्येक महिने ते काम वहिनी करत होती. घरात पेढे आले, आणि गल्लीतल्या निम्म्या बायकांनी पुडीवाल्याचा पत्ता लिहून घेतला. सांध्यांच्या या दुखण्यात असा रातोरात गुण येणं ही पेढे वाटण्याची नव्हे, घाबरण्याची गोष्ट असते. तेवढं एक सांगण्यासाठी हे लिहिते आहे.

आमचं घर झाशीचं. नेवाळकर सुभेदारांच्या मागोमाग इकडे येऊन राहिलेल्या मराठी घरांपैकी एक. उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर बुंदेली. काकांनी निवृत्तीनंतर बरुआसागरला थोडी जमीन घेतली. झाशीहून मऊरानीपुरच्या रस्त्यावरचं हे गाव ओरछ्याच्या उदितसिंहाने बांधलेल्या तलावामुळे आणि इथल्या आल्यामुळे ओळखलं जातं. थंडीत आलं निघालं की काकू मजूर बायकांबरोबर बसून ते निवडायच्या, धुवायच्या. अशाच एका मोसमात त्यांच्या दोन्ही हातांच्या बोटांची पेरं सुजली. सकाळी मूठ वळेना. ऊन चांगलं वर येईपर्यंत हात लाकडासारखे. गावात याला गठिया म्हणतात, आणि गठियावर प्रत्येकाकडे एक तरी औषध असतं.

पहिल्या डॉक्टरांनी ‘उमर है, माताजी’ म्हणत वेदनाशामक गोळ्या दिल्या. त्यांनी पोटात आग पडली. दुसऱ्यांनी रक्त तपासलं, हातांचे एक्स-रे काढले, रूमेटॉइड आर्थ्रायटिस असं निदान केलं आणि औषधही योग्य तेच लिहिलं. हे मुद्दाम नोंदवते, कारण पुढचं सगळं चुकीच्या निदानामुळे झालं नाही. काकूंनी त्यांना एकच प्रश्न विचारला होता, ‘मलाच का झालं?’ उत्तर आलं, ‘ऐसे ही हो जाता है. दवा ज़िंदगी भर चलेगी.’ तोवर पुढचा पेशंट खुर्चीच्या मागे येऊन उभाही होता.

घरी आल्यावर दादाने, म्हणजे काकूंच्या मुलाने, फोनवर औषधाचं नाव शोधलं. मेथोट्रेक्सेट. पहिल्याच ओळीत कर्करोग. काकूंनी मान फिरवली ती फिरवलीच. ‘मला कॅन्सर झालाय आणि तुम्ही सगळे मिळून लपवताय.’ चिठ्ठी देवघरातल्या पोथ्यांखाली गेली.

मग पुडीवाला गाठला. त्याने त्यांना तासभर दिला. नाडी पाहिली, बाळंतपणं विचारली, रात्री भात खाता का विचारलं, हात उलटेपालटे करून पाहिले. ‘बाई साब, सारी उमर ठंडे पानी में हाथ डाले हैं. बाय हड्डी में बैठ गई है. जड़ से जाएगी.’ या स्पष्टीकरणात काकूंचं आयुष्य होतं, तलावाचं पाणी होतं, आलं होतं. डॉक्टरांच्या उत्तरात त्या कुठेच नव्हत्या. शिकलेल्या माणसांना या अविश्वासाचं हसू येतं. मला येत नाही. ज्याने वेळ दिला त्याच्यावर त्यांनी विश्वास ठेवला, इतकंच. जाता जाता त्याने आणखी एक बजावलं: अंग्रेज़ी दवा पूर्ण बंद, दोन्ही साथ चालत नाहीत. कुठल्याही पॅथीचा माणूस दुसरीकडे जाऊच नका म्हणतो, तेव्हा तिथून उठावं असं माझं मत आहे.

काकूंच्या प्रश्नाचं खरं उत्तरही फार लांबलचक नाही. रोगाशी लढणारी शरीरातली यंत्रणा सांध्यांच्या आतल्या अस्तरावरच उलटते. अस्तर सुजतं, आणि सूज राहिली की शेजारचं हाड आणि कूर्चा खाल्ली जाते. बायकांत हे पुरुषांच्या दुपटी-तिपटीने दिसतं. काही प्रमाणात आनुवंशिकतेचा हात असतो, धूम्रपानाचाही. अमुक एका बाईलाच का, हे मात्र आजही नेमकं कळलेलं नाही. थंड पाण्याने आजार होत नाही. झालेल्या आजारात हात जास्त आखडतात, म्हणून ते खरं वाटतं. एवढं सांगायला पाच मिनिटं पुरतात. त्या पाच मिनिटांअभावी पुढची दोन-अडीच वर्षं पुडीवाल्याची झाली.

सुरुवातीचे महिने सुखाचे गेले. काकूंना भूक लागू लागली, चेहरा भरला, गालांवर लाली आली. शेजारणी म्हणायच्या, तब्येत सुधारली. तो भरलेला चेहरा म्हणजेच दुष्परिणाम होता. मग झोप उडाली. नुसतं कुठे लागलं तरी दंडावर काळेनिळे डाग पडू लागले. पाय काटकुळे झाले, पाटावरून उठताना हात द्यावा लागे. रक्तातली साखर वाढली, रक्तदाबही. पुडी एकाची दोन झाली, आणि एखादी चुकली की दुखणं पूर्वीपेक्षा दुप्पट जोराने परते. पुडीवाल्याने त्याचाही अर्थ लावून दिला: रोग बाहेर पडतोय.

शेवटी दादाचा संयम सुटला. एका सकाळी त्याने घरातल्या सगळ्या पुड्या गोळा केल्या आणि तलावात फेकल्या. आम्हा सगळ्यांना ते शहाणपणाचंच वाटलं. पुढच्या दोन-तीन दिवसांत काकूंना उलट्या सुरू झाल्या, मान धरवेना, डोळ्यांपुढे अंधारी. रात्री गाडीत घालून झाशीला नेलं तेव्हा रक्तदाब धड लागत नव्हता. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी फाईल उघडली नाही. काकूंचा चेहरा पाहिला, दंड पाहिले आणि विचारलं, ‘पुडिया खाती थीं? कब से बंद है?’

पुडीत स्टेरॉइड होतं. प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन अशी त्या जातीची नावं. गोळ्या कुटून सुंठ-हळदीच्या पुडीत मिसळल्या की ओळखू येत नाहीत. आपल्या मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन ग्रंथी याच जातीचं द्रव्य रोज तयार करतात. त्याशिवाय रक्तदाब टिकत नाही, आजारपण सोसवत नाही. बाहेरून ते आयतं मिळत राहिलं की या ग्रंथी काम थांबवतात. नळ आल्यावर न उपसलेली विहीर गाळाने भरते, तसं. मग एके दिवशी नळ तोडला तर घरात थेंब नसतो. काकूंना शिरेतून तेच द्रव्य द्यावं लागलं आणि त्या वाचल्या. पुड्या तलावात गेल्यामुळे तपासायला काही उरलं नव्हतं. बऱ्या झाल्यावर सकाळच्या वेळी रक्तातलं कॉर्टिसोल, म्हणजे या ग्रंथींचं ते द्रव्य, मोजलं, ते फार कमी निघालं, तेव्हा खात्री पटली.

या रातोरात येणाऱ्या गुणाचा इतिहास मी नंतर वाचला. (शाळेत विज्ञान शिकवत असल्याने ही खोड आहे.) अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी 1948 च्या सप्टेंबरात सांधे धरलेल्या एका तरुण बाईला याच जातीचं कॉर्टिसोन टोचलं. जिला अंथरुणात कूस वळवणं जड जात होतं, ती काही दिवसांतच चालत बाजारहाटाला गेली. 1950 साली हेंच, केंडाल आणि राइकस्टाइन यांना नोबेल मिळालं. पण तोवर दिसू लागलं होतं की औषध थांबवलं की रोग परततो, आणि चालू ठेवलं तर चेहरा, हाडं, साखर, मन सगळं बिघडतं. बरुआसागरच्या गल्लीत जे घडलं ते जगाला सत्तर वर्षांपूर्वीच ठाऊक होतं. स्टेरॉइड टाकाऊ आहे असा याचा अर्थ नव्हे. मूळ औषधाचा असर येईपर्यंत डॉक्टर ते थोड्या मात्रेत, थोडे दिवस देतात आणि हळूहळू उतरवतात. काकूंचंही तसंच, कित्येक महिने लावून उतरवलं. द्रव्य त्याच जातीचं, पण आता पट्टीवर नाव होतं, मिलिग्रॅम होते, आणि किती कमी केलं ते वहिनी कॅलेंडरवर लिहीत होती.

मेथोट्रेक्सेटचा प्रश्न उरलाच होता. डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठीच्या पाठीवर सांध्याचं चित्र काढून दाखवलं. कर्करोगाची भीती मात्र एका वेगळ्याच गोष्टीने गेली. लूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर 1928 साली मुंबईला आली होती. गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांना होणाऱ्या विचित्र पंडुरोगाचा तिने तिथे अभ्यास केला आणि यीस्टच्या अर्कात त्याचा उतारा आहे असं 1931 मध्ये प्रसिद्ध केलं. तो उतारा म्हणजे फॉलिक ॲसिड. पुढे अमेरिकेत यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या हाताखालच्या पथकाने ते प्रयोगशाळेत बनवलं आणि त्याची वाट अडवणारी द्रव्यंही. सिडनी फार्बर यांनी त्यातलं एक रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना दिलं. मेथोट्रेक्सेट त्याचंच भावंड. कर्करोगात ते मोठ्या मात्रेत देतात. सांध्यांसाठी आठवड्यातून एकदा, बहुधा 7.5 ते 25 मिलिग्रॅम, आणि जोडीला तेच मुंबईच्या बायकांचं फॉलिक ॲसिड. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘हे त्या डॉक्टरला सांगता येत नव्हतं होय?’

आता ज्यांच्या घरी असं दुखणं आहे त्यांच्यासाठी. सगळी सांधेदुखी एक नसते. वयाने झिजलेला गुडघा चालल्यावर दुखतो आणि सकाळचा ताठपणा अर्ध्या तासाच्या आत जातो. दोन्ही हातांची लहान पेरं सारखीच सुजली, सकाळचा ताठपणा तासाच्या वर टिकला आणि हे सहा आठवड्यांपुढे गेलं, तर तो वेगळा रोग समजावा आणि संधिवाततज्ज्ञ गाठावा. रक्ततपासणीत आर. ए. फॅक्टर नकारात्मक आला म्हणून रोग नाही असं होत नाही. ॲन्टी सीसीपी तपासणीबद्दल विचारा. आमच्या भागात असे तज्ज्ञ जवळ नाहीत, झाशीकर ग्वाल्हेरला किंवा लखनौच्या संजय गांधी संस्थेत जातात. एकदा निदान आणि औषध ठरलं की पुढची देखरेख जवळच्या फिजिशियनकडे होऊ शकते. उशीर मात्र परवडत नाही, सांध्यांचं पुष्कळ नुकसान पहिल्या दोन वर्षांतच होऊन जातं. पुडीचा खरा तोटा हाच. दुखणं झाकलं जातं, आणि ती सुटेपर्यंत बोटं वाकडी झालेली असतात. काकूंच्या उजव्या हाताची दोन बोटं सरळ होणार नाहीत.

हा रोग दुर्मिळही नाही. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकाने 1996 साली घरोघर जाऊन पाहणी केली, तेव्हा साधारण दोनशे प्रौढांत एकाला तो आढळला. याच डॉ. चोप्रांनी आयुर्वेदिक औषधांच्याही रीतसर चाचण्या घेतल्या आहेत. माझा रोख आयुर्वेदावर नाही. माधवनिदानात आमवाताचं स्वतंत्र प्रकरण आहे, आणि सुंठ आमच्या घरात अजूनही खाल्ली जाते. पण कायद्याने आयुर्वेदिक औषधालाही लेबल लागतं: उत्पादकाचं नाव, परवाना क्रमांक, बॅच, घटक. वर्तमानपत्राच्या कागदातली पुडी कुठल्याच शास्त्राची नसते. गठिया जड से खत्म असे जे फलक रस्त्याने दिसतात, तशी जाहिरात करायला 1954 च्या कायद्याने बंदी आहे. याउलट मेथोट्रेक्सेटचा असर यायला सहा ते बारा आठवडे लागतात. घरच्या माणसाला हे आधी सांगितलं नाही, तर दुसऱ्या आठवड्यात औषध सुटतं आणि कुणीतरी पुडीवाल्याचा पत्ता देतं.

आणखी एक, जिवावर बेतणारं. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. रोज घेतल्याने माणसं दगावली आहेत. वार ठरवा, पट्टीवर शाईने ‘रविवार’ लिहा, गोळी एकानेच काढून द्या. तोंडात फोड आले, ताप आला, धाप लागली तर पुढची गोळी थांबवून डॉक्टरांकडे जा. रक्त आणि यकृताच्या तपासण्या चुकवू नका, दारू नको, आणि मूल हवं असणाऱ्या बाईने ते आधी सांगावं.

म्हाताऱ्या माणसाशी वाद घालून औषध सुरू होत नाही. ‘का झालं’ हा प्रश्न त्यांच्या वतीने तुम्ही डॉक्टरांना विचारा, चिठ्ठीच्या मागे उत्तर लिहून आणा, आणि घरच्या भाषेत सांगा. डॉक्टर चिडले तर डॉक्टर बदला. औषध बदलण्यापेक्षा ते सोपं आहे.

आणि तुमच्या घरात आज अशी पुडी चालू असेल, तर ती फेकू नका, एक दिवसही अचानक बंद करू नका. उरलेल्या सगळ्या पुड्या पिशवीत घाला, रुग्णाला बरोबर घ्या आणि याच आठवड्यात फिजिशियनकडे जा. तिथे पहिलं वाक्य हेच बोला: आम्ही पुडी घेत आहोत, इतक्या दिवसांपासून.